रांगेतली टार्गेट्स रात्रीत भरकटतात: क्रायो-ईएम ऑटोमेशनमधली पुन्हा पुन्हा येणारी अडचण

क्रायो-ईएममध्ये, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत, हे नेहमीचं. संध्याकाळी ग्रिडवरचे (नमुना धरणारी बारीक जाळी) चांगले स्क्वेअर (जाळीतले चौकोन) निवडले, होल्सवर (त्यांतल्या कार्बनच्या पापुद्र्यातली भोकं, ज्यांत बर्फात गोठलेले कण असतात) टार्गेट्स (चित्र घ्यायच्या जागा) लावली, सगळी रांगेत टाकली, पहिली दहा-पंधरा चित्रं नीट आली म्हणून मायक्रोस्कोप रात्रभर चालू ठेवला. सकाळी येऊन बघावं तर तीनपैकी एक प्रकार झालेला असतो. चित्रं सगळी आहेत, पण निम्म्यांत होलऐवजी कार्बनची कड आहे. किंवा रांग मध्यरात्रीच कुठेतरी अडकून बसली आहे. किंवा रांग ‘पूर्ण’ झाल्याचं दिसतंय आणि फोल्डरमध्ये मात्र अपेक्षेच्या जेमतेम चौथा हिस्सा चित्रं आहेत. मग सगळं नव्याने कॅलिब्रेट केलं जातं, पुढची एक-दोन सेशन्स बरी जातात, आणि नंतर पुन्हा तेच.

माझ्या मते हे वारंवार होतं कारण वेगवेगळ्या बिघाडांना एकच बिघाड समजून एकच उपाय केला जातो. बिघाड पाच-सहा आहेत, मूळ मात्र एक. रांगेतलं टार्गेट म्हणजे निवडलेल्या क्षणी खरे असलेले काही आकडे. ते वापरले जातात सहा-आठ तासांनी. मधल्या वेळात स्टेज (ग्रिड धरून सरकवणारा भाग), झेड (तिची उंची), बीम (इलेक्ट्रॉनचा झोत) किंवा ग्रिड यांतलं काहीही हललं की ते आकडे शिळे होतात. सॉफ्टवेअरला हे ओळखायची सोय तुम्ही लावून दिली नसेल, तर ते शिळ्या आकड्यांवर इमानेइतबारे चित्रं घेत राहतं. म्हणून सकाळी पहिला प्रश्न हा विचारायचा: कोणता आकडा शिळा झाला?

टार्गेट कशाच्या आधाराने उभं आहे

सीरियलईएम, लेजिनॉन आणि ईपीयू ही आपोआप चित्रं घेणारी तीन सॉफ्टवेअर. सीरियलईएमच्या नॅव्हिगेटरमध्ये प्रत्येक बिंदूसोबत स्टेजचे एक्स, वाय, झेड साठवलेले असतात, शिवाय तो बिंदू कोणत्या नकाशावर काढला याचीही नोंद असते. लेजिनॉनमध्ये टार्गेट डेटाबेसमध्ये जातं ते मूळ चित्राच्या मध्यापासूनचं अंतर म्हणून, आणि ते चित्र घेतानाची मायक्रोस्कोपची स्थितीही त्याच्याशी जोडलेली असते. ईपीयूमध्येही अॅटलास (सगळ्या ग्रिडचं चित्र), स्क्वेअर, होल अशीच उतरंड आहे. पद्धती वेगळ्या असल्या तरी तिन्हींत टार्गेट वरच्या पातळीच्या एखाद्या चित्राच्या आधाराने उभं असतं. ते चित्र मध्येच पुन्हा घेतलं किंवा तो नकाशा काढून टाकला, तर पडद्यावर टार्गेट जागच्या जागी दिसतं, पण जुळवून घ्यायला त्याच्यामागे काही उरलेलं नसतं. ‘जुळवण्यासाठी योग्य नकाशा सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश लॉगमध्ये असेल तर बाकी काही तपासण्याआधी इथेच थांबा.

लॉग वाचून झाला की काहीही दुरुस्त करू नका. एक काम आधी करा. रात्री घेतलेल्या चित्रांतली दहा-बारा चित्रं घ्या, काही सुरुवातीची, काही मधली, काही शेवटची. प्रत्येकासोबत त्याच जागेचं होल पातळीचं चित्र उघडा. चित्राचा मध्य होलच्या मध्यापासून कुठल्या बाजूला आणि किती सरकला आहे ते कागदावर बाणाने काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण पुढचा अर्धा तपास त्या बाणांवरच होतो.

बाण सगळे एकाच दिशेला, एकाच लांबीचे

हा सगळ्यात सोपा प्रकार. दोष स्टेजचा नाही, दोन मॅग्निफिकेशनमधल्या अंतराचा आहे. होल दाखवणारं कमी मॅग्निफिकेशनचं चित्र कॉन्ट्रास्टसाठी बरंच डिफोकस (मुद्दाम फोकसबाहेर) ठेवून घेतात. हा डिफोकस बदलला की चित्र सरकतं, किंचित फिरतं आणि त्याचं मापही बदलतं. त्यामुळे दुपारी कुणी कॉन्ट्रास्ट वाढवायला डिफोकस बदलला असेल, किंवा एका पातळीवर एनर्जी फिल्टरची स्लिट (ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन जाऊ देणारी फट) आत आणि दुसरीवर बाहेर केली असेल, तर सकाळी केलेलं जुळवणं तिथेच संपलं.

उपाय: बर्फाचा एखादा ठळक स्फटिक किंवा फाटलेल्या होलचा कोपरा कमी मॅग्निफिकेशनमध्ये बरोबर मध्यावर आणा, मग वरच्या मॅग्निफिकेशनला जाऊन तो कुठे गेला ते मोजा आणि तेवढी भरपाई द्या. मोजताना खालून वर जा, कारण रांगही तशीच जाते. वरून खाली येऊन मोजलेला आकडा लेन्सच्या हिस्टरिसिसमुळे (आधीच्या स्थितीचा उरलेला परिणाम) वेगळा येतो. हा परिणाम पुसणारं लेन्स नॉर्मलायझेशन मोजताना चालू आणि रांगेत बंद, असंही होऊ देऊ नका.

मधलं होल बरोबर, कडेची चुकलेली

इमेज शिफ्टने (स्टेज न हलवता बीम आणि चित्र सरकवून) एकाच स्टेज-जागेवरून ९ किंवा २५ होल्स घेत असाल तर हे दिसतं. मधला बाण शून्य, आणि बाहेर जाल तसे बाण लांब. बाण मध्यापासून बाहेरच्या किंवा आतल्या दिशेला असतील तर मापात चूक आहे. मध्याभोवती गोल फिरत असतील तर कोनात.

आकडे घालून बघा. आर १.२/१.३ ग्रिडमध्ये होलचा व्यास १.२ मायक्रोमीटर आणि दोन होल्समधलं रिकामं अंतर १.३, म्हणजे एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत २.५ मायक्रोमीटर. ५ बाय ५ च्या नमुन्यात कोपऱ्यातलं होल मध्यापासून सुमारे ७ मायक्रोमीटरवर येतं. तिथे कोनात २ अंशांची चूक म्हणजे पाव मायक्रोमीटर. बीम १ मायक्रोमीटरचा असेल तर होलमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम ०.१ मायक्रोमीटरची मोकळीक असते. म्हणजे ३ बाय ३ मध्ये कशीबशी खपून गेलेली चूक ५ बाय ५ मध्ये बीम कार्बनवर नेते. होल्समधलं अंतर आणि कोन प्रत्येक ग्रिडवर, शक्यतो त्याच भागात, नव्याने मोजा. मागच्या ग्रिडचे आकडे पुढे ओढू नका. ग्रिड काढून परत घातलं तरी कोन थोडा बदलतो.

सुंदर चित्रं, चुकीचं होल

याला मी जरा जास्त जागा देतोय, कारण हा प्रकार बाणांतही सापडत नाही. चित्र होलच्या बरोबर मध्यावर असतं, बर्फ छान, कण छान. फक्त ते शेजारचं होल असतं.

होल्सची जाळी नियमित असते आणि क्रॉस-कोरिलेशनला (दोन चित्रं एकमेकांवर सरकवून जुळणी शोधण्याची पद्धत) एक होल आणि त्याचा शेजारी यांत फरक करणं अवघड जातं. जवळपास सारख्याच उंचीची अनेक शिखरं मिळतात. स्टेज जोवर १.२५ मायक्रोमीटरपेक्षा कमी चुकते, म्हणजे दोन मध्यांतल्या अंतराच्या निम्म्याहून कमी, तोवर सगळ्यात जवळचं शिखर बरोबर असतं. त्यापलीकडे गेली की तेच कोरिलेशन तितक्याच ठामपणे शेजारच्या होलवर नेऊन बसवतं. लॉगमध्ये ‘जुळवणं यशस्वी’ असं लिहिलेलं असतं. आणि लांब प्रवासानंतर साइड-एंट्री स्टेजला मायक्रोमीटरभर चुकणं काही अवघड नाही.

नुकसान कसं होतं? एका गटाची सगळी होल्स एका घराने सरकली, शेजारचा गट बरोबर बसला, तर दोन गटांच्या सीमेवरची होल्स दोनदा उजळली जातात. ५० इलेक्ट्रॉन प्रति चौरस अँगस्ट्रॉमचा डोस ठरवलेला असेल तर त्या होल्समधले कण दुसऱ्या वेळी पहिल्या फ्रेमपासूनच जळालेले असतात. प्रोसेसिंगमध्ये ही चित्रं सहज मिसळून जातात. सीटीएफ (मायक्रोस्कोपच्या लेन्स आणि डिफोकसमुळे चित्रात होणारा बदल) फिट चांगला येतो, कण निवडले जातात, आणि रिझोल्यूशन का अडकलं याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

खात्री करायची साधी रीत अशी: स्क्वेअर संपल्यावर त्या स्क्वेअरचं एक कमी डोसचं चित्र घ्या. बीम पडलेली होल्स वेगळी ओळखू येतात. बीमचा गोल डाग कुठे आहे आणि टार्गेट्स कुठे होती हे एकमेकांवर ठेवून बघा. नमुन्याच्या एका बाजूला न उजळलेली रांग उरली असेल आणि दुसऱ्या बाजूला एक रांग जास्त असेल तर निदान झालं.

उपाय दोन पायऱ्यांचा. होल पातळीवर जुळवण्याआधी स्क्वेअर पातळीच्या चित्रावर जुळवा, जिथे स्क्वेअरची कड, बर्फाचे खडे, फाटकी होल्स अशा न पुनरावृत्त होणाऱ्या खुणा दिसतात. मग होल पातळीवर जुळवताना सरकण्याला मर्यादा घाला, १ मायक्रोमीटरच्या आतली. मर्यादेबाहेरचं उत्तर आलं तर सॉफ्टवेअरने ते न स्वीकारता थांबावं किंवा पुढच्या गटाकडे जावं. एक गट गेला तरी चालेल, दोनदा जाळलेली होल्स नकोत.

स्टेज इतकी चुकते का

बरेचदा उत्तर रांगेच्या क्रमात असतं. टार्गेट्स ज्या क्रमाने क्लिक केली त्याच क्रमाने घेतली जात असतील, आणि तुम्ही चांगला बर्फ दिसेल तसे इकडेतिकडे क्लिक करत गेला असाल, तर स्टेज रात्रभर ग्रिडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावते. दर वेळी येण्याची दिशा वेगळी, त्यामुळे बॅकलॅशही (दिशा बदलताना जाणवणारा यंत्रातला ढिलेपणा) वेगळा. बाण जेव्हा दोन ठरावीक दिशांमध्ये आलटून पालटून पडलेले दिसतात, तेव्हा आधी क्रमच तपासा. जवळची टार्गेट्स एकामागोमाग येतील अशी रांग लावून घ्या, आणि स्टेज शेवटच्या टप्प्यात नेहमी एकाच बाजूने येईल अशी बॅकलॅश दुरुस्ती चालू ठेवा. नकाशा घेताना ती दुरुस्ती होती आणि रांगेत नाही, असं असेल तर नकाशातले आकडे आणि रांगेतली स्टेज यांचा मेळ बसत नाही.

बाण कशातच न बसणारे, विखुरलेले असतील तर स्टेज थांबल्यावर तुम्ही तिला स्थिर व्हायला वेळ देत नाही आहात. ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा ड्रिफ्ट (नमुन्याचं हळूहळू सरकणं) मोजून थांबणं मला केव्हाही पटतं. मात्र कमाल वेळेची मर्यादा घाला, नाहीतर नायट्रोजन भरताना एकच टार्गेट अर्धा तास खाऊन टाकतं.

झेड कोणत्या वेळचा आहे

३०० मेश (इंचाला ३०० चौकोन) ग्रिडमध्ये एका स्क्वेअरच्या मध्यापासून शेजारच्या मध्यापर्यंत सुमारे ८५ मायक्रोमीटर अंतर असतं, आणि ग्रिड सपाट नसतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत उंचीत दहा-वीस मायक्रोमीटरचा फरक अगदी नेहमीचा. अॅटलासच्या वेळचा किंवा पहिल्या स्क्वेअरचा झेड सगळ्या रांगेला लागू झाला, तर दूरच्या स्क्वेअरवर ऑटोफोकसला त्याच्या आवाक्याबाहेरचं डिफोकस मिळतं. बीम टिल्टवर चालणारं ऑटोफोकस अशा वेळी नेहमीच अपयश कबूल करत नाही. कधी कधी चुकीचं उत्तर देतं आणि रांग त्यावर पुढे जाते. होल पातळीचं चित्रही सरकतं, आणि जुळवणं बिघडतं.

ग्रिड तिरकं करून घेत असाल तर हे जास्त महागात पडतं. ४० अंशांवर झेडमध्ये १० मायक्रोमीटरची चूक म्हणजे बाजूला सुमारे ६.४ मायक्रोमीटर सरकणं. आर १.२/१.३ मध्ये ती दोनहून जास्त घरं झाली.

म्हणून युसेंट्रिक हाइट (ग्रिड तिरकं केलं तरी चित्र बाजूला सरकत नाही ती उंची) प्रत्येक स्क्वेअरवर, आणि तीही रांग त्या स्क्वेअरवर पोचल्यावर काढा. टार्गेट निवडताना काढलेला झेड अंदाज म्हणून चालतो. क्रमही महत्त्वाचा: आधी झेड, मग जुळवणं, मग फोकस, मग ड्रिफ्टची वाट, मग चित्र. जुळवून झाल्यावर झेड बदलला तर जुळवलेलं वाया गेलं. फोकसची जागा कार्बनवर आणि कोणत्याही होलपासून पुरेशी दूर आहे ना, हेही एकदा डोळ्यांनी बघा. फोकसचा बीम शेजारच्या होलवर पडत असेल तर तिथलं चित्र घेण्याआधीच डोस गेलेला असतो.

रांग अडकली किंवा रिकामी संपली

अडकलेल्या रांगेची कारणं पटकन सांगून टाकतो. नायट्रोजन भरणं पूर्ण झालं नाही आणि सॉफ्टवेअर वाट बघत राहिलं. कोल्ड फील्ड एमिशन गन असेल तर फ्लॅशिंगनंतर (गनचं टोक क्षणभर तापवून स्वच्छ करणं) परवानगी परत आली नाही. व्हॅक्यूममुळे कॉलम व्हॉल्व्ह बंद झाले. पडद्यावर एक डायलॉग उघडला आणि ‘ओके’ दाबायला कुणी नव्हतं. डिस्क भरली. डिस्कचा हिशेब आधीच करता येतो: तासाला २५० मूव्ही (एका जागेच्या अनेक फ्रेम्स) आणि प्रत्येकी अर्धा जीबी धरली तर तासाला १२५ जीबी, दहा तासांच्या रात्रीला सव्वा टीबी. रात्री एरर आल्यास डायलॉग न दाखवता लॉगमध्ये लिहावं, अशी सोय असेल तर ती चालू करा, पण सोबत सलग ठरावीक टार्गेट्स फसली तर रांगच थांबावी अशी अटही घाला.

टार्गेट्स रांगेत दिसतात पण सुरूच होत नाहीत, तेव्हा निवडणं आणि रांग सोपवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे आठवा. लेजिनॉनमध्ये रांगेचा पर्याय चालू असला की निवडलेली टार्गेट्स साठत राहतात, आणि साठलेली रांग वेगळ्या बटणाने सोपवावी लागते. रांग चालू असताना नंतर निवडलेली टार्गेट्सही वेगळी सोपवावी लागतात. सीरियलईएममध्ये बिंदूवर अक्वायरची खूण नसेल तर तो नुसता नकाशावरचा ठिपका आहे.

खरा विचार करायला लावतो तो तिसरा प्रकार: रांग शेवटपर्यंत गेली, पण जवळजवळ काहीच घेतलं नाही. इथे स्टेज निर्दोष असते. शिळा झालेला आकडा असतो प्रकाशाचा.

होल्स आपोआप निवडताना बर्फाची जाडी बहुतेकदा उजेडावरून काढतात. रिकाम्या जागेतून येणारी तीव्रता आणि होलमधून येणारी तीव्रता यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले एक लांबी, जी ३०० केव्हीच्या मायक्रोस्कोपवर साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या घरात असते. रिकाम्या जागेची तीव्रता संध्याकाळी एकदा मोजली आणि रात्रीत बीम १० टक्के मंद झाला, तर ३०० नॅनोमीटर धरूनही प्रत्येक होलची जाडी सुमारे ३० नॅनोमीटरने जास्त भासते. समजा, वरची मर्यादा ५० नॅनोमीटर ठेवली आहे. २५ नॅनोमीटरचं उत्तम होल आता ५५ च्या पुढे दिसतं आणि नाकारलं जातं. पुढचंही. त्याच्या पुढचंही. रांग एकेका स्क्वेअरवर जाते, ‘योग्य होल नाही’ म्हणते आणि पुढे सरकते. लॉगमध्ये एकही एरर नाही.

एनर्जी फिल्टरमुळेही असंच होतं. २० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या स्लिटमधून झीरो-लॉस पीक (ऊर्जा न गमावलेल्या इलेक्ट्रॉनचं शिखर) हळूहळू कडेला सरकलं की चित्र काळवंडतं, ऑटोफोकस फसतं, टार्गेट्स वगळली जातात. दोन्ही ओळखायला एकच आलेख पुरतो: रात्रभरच्या चित्रांची सरासरी तीव्रता वेळेनुसार मांडा. सावकाश उतरती रेघ दिसली तर बीम मंद होतोय किंवा पीक सरकतंय. स्लिट बाहेर काढून एक चित्र घ्या. उजेड परत आला तर दोष फिल्टरचा. रिकाम्या होलमधली तीव्रता दर स्क्वेअरला, निदान दर दोन-तीन तासांनी नव्याने मोजली जावी आणि फिल्टरची स्लिट काही तासांनी पुन्हा बसवली जावी, हे दोन्ही रांगेतच घाला. माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

रांग किती लांब लावावी

स्क्वेअरची रांग लांब असू दे, होल्सची आखूड ठेवा. स्क्वेअर निवडायला अनुभवी डोळा लागतो. ते काम संध्याकाळी हाताने करा आणि रात्रभर पुरतील इतके निवडा. होल्स मात्र रांग त्या स्क्वेअरवर पोचल्यावर, झेड काढून, ताज्या चित्रावर आपोआप निवडू द्या. मग आकड्यांचं वय तासांऐवजी मिनिटांत मोजता येतं, आणि वर लिहिलेल्यातल्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. सीरियलईएम आणि आजचं लेजिनॉन या दोन्हींचे नेहमी उद्धृत होणारे शोधनिबंध २००५ चे आहेत. आजच्या वेगाने एका तासात शेकडो मूव्ही निघून जातात, त्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत वाया गेलेला डेटा तितकाच जास्त असतो. होल्स हातानेच निवडायची गरज असेल, उदाहरणार्थ बर्फ अगदी विरळ असेल, तर पुढच्या दोन-तीन तासांपुरतीच निवडा.

तुटलेली रांग सकाळी पुन्हा सुरू करताना

ग्रिड अजून आतच असेल तर राहिलेल्या पहिल्या स्क्वेअरचं ताजं चित्र घ्या, जुन्या टार्गेट्सशी ताडून बघा, आणि सगळा नकाशा एकसारखा सरकला असेल तर तेवढा सरकवून घ्या. ग्रिड बाहेर काढून परत घातलं असेल तर जुन्या होल-टार्गेट्सवर विसंबू नका. अॅटलास नव्याने घ्या, कोन आणि सरकणं दोन्ही धरून जुन्या अॅटलासशी जुळवा, फक्त स्क्वेअरच्या निवडी पुढे न्या आणि होल्स नव्याने निवडा.

राहिलेली यादी चाळताना डिस्कवरच्या फाइल्स आणि रांगेतल्या नोंदी यांची एकेक करून गाठ घाला. सॉफ्टवेअर बंद पडण्याच्या क्षणी जे टार्गेट चालू होतं, ते नोंदीत ‘बाकी’ दिसतं, पण त्यावर बीम पडून गेलेला असू शकतो. मूव्ही अर्धवट लिहिली गेली असेल किंवा लिहिलीच गेली नसेल तरी ते टार्गेट यादीतून काढा. इमेज शिफ्टचा नमुना चालू असताना रांग तुटली असेल तर त्या नमुन्यातली सगळीच होल्स काढा आणि पुढच्या गटापासून सुरू करा.